कांदा ड्रायरची झडप आणि दिवसभर किरकिरणारा सर्वो: निफाडकडचं एक प्रकरण

प्रकरण निफाड तालुक्यातलं आहे. एका बचत गटाकडे कांदा वाळवायचा सोलर ड्रायर आहे, त्याच्या धुराड्यातली झडप आपोआप उघडावी-मिटावी म्हणून नाशिकमधल्या डिप्लोमाच्या पोरांनी त्यावर एक सर्वो (सांगितलेल्या अंशावर जाऊन थांबणारी छोटी मोटर), एक ह्युमिडिटी म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर आणि अर्डुइनो उनो हा प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड बसवून दिला होता. सर्वो एकामागून एक जात होते, बोर्ड मध्येच रीसेट व्हायचा, आणि एका दुपारी तर सगळ्या ट्रेमधला माल तांबूस पडला. मी नाशिकच्या अंबडला पॅनल वायरिंग आणि ऑटोमेशनचं काम करतो, मला बोलावलं ते "दादा सर्वो खराब निघतायत, चांगला कोणता ते सांगा" एवढ्यासाठी. पण नवा सर्वो आणून हे सुटणारं नव्हतं. का नव्हतं ते नीट लिहितोय, कारण अगदी असाच घोळ मला रोपवाटिकेच्या खिडक्यांना, पोल्ट्रीच्या पडद्यांना, पाण्याच्या व्हॉल्व्हला, जिथे जिथे सेन्सर बघून सर्वो फिरवायचाय तिथे तिथे दिसतो.

आधी ड्रायर काय करतो ते बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. उन्हाळ कांदा निघाला की मोठा माल चाळीत जातो, गोल्टीला म्हणजे बारीक कांद्याला लासलगावच्या बाजारात काय पिंपळगावच्या काय, भाव बेताचाच, म्हणून हा गट गोल्टी सोलून काप करून वाळवतो. ड्रायर साधाच. लोखंडी सांगाडा, वर पॉलीकार्बोनेट शीट, खाली काळा रंगवलेला पत्रा, हवा खालच्या फटीतून आत येते, तापते, जाळीच्या ट्रेमधून वर चढते आणि मागच्या धुराड्यातून बाहेर पडते. पंखा नाही. एका वेळी २० किलो काप घालतात आणि उन्हाचे दोन दिवस लागतात.

ताज्या कांद्यात साधारण ८६ ते ८८ टक्के पाणी असतं. म्हणजे २० किलो कापातून वाळून हातात येतं पावणेतीन किलोच्या आसपास, आणि उरलेलं १७ किलो पाणी वाफ होऊन त्या धुराड्यातूनच जायला पाहिजे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, १७ किलोला झाली ४१ मेगाज्यूल, विजेच्या भाषेत साडेअकरा युनिट. ही सगळी उन्हातून यायचीये. आता झडप जास्त उघडी ठेवली तर गरम हवा फुकट बाहेर जाते, कमी उघडली तर आतली हवा दमट होऊन बसते आणि वाळणं थांबतं, आणि शेवटच्या टप्प्यात मालात पाणी कमी उरलेलं असताना झडप बंद राहिली तर तापमान चढत जातं, काप तांबूस पडतात, वास जातो. तिन्ही बाजूंनी नुकसान आहे, म्हणून झडपेला महत्त्व.

मी ड्रायर चालवणाऱ्या गटातल्या ताईंना पहिला प्रश्न विचारला की हे मशीन लावायच्या आधी तुम्ही झडप कशी चालवायचात. त्या म्हणाल्या, "सकाळी माल भरला की पेटी तापू द्यायची, मग शीटला आतून घाम आला की झडप पूर्ण उघडायची. दुपारी घाम गेला की अर्धी. ऊन कलायला लागलं की जवळजवळ बंद. दिवसातून तीन-चारदाच हात लावायचो दादा." मग आपोआप कशाला पाहिजे, तर दुपारी सगळ्या शेतात असतात, मधेच ढग येतात, परत कडक ऊन पडतं, आणि नेमकं तेव्हा ड्रायरजवळ कोणी नसतं. गरज खरी आहे.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची माहिती ताईंच्या त्या एका वाक्यात आहे. दिवसातून तीन-चारदा. आणि पोरांचा प्रोग्राम काय करत होता तर दर दोन सेकंदाला सेन्सर वाचायचा, आलेली आर्द्रता २० ते ९० टक्क्यांच्या पट्टीवरून ० ते १८० अंशात बदलायची आणि तो अंश थेट सर्वोला द्यायचा. आठ तास ऊन धरलं तर दिवसाला १४,४०० हुकूम. सेन्सरचा आकडा एका टक्क्याने इकडे-तिकडे झाला की सर्वो अडीच अंश हलणार, आणि स्वस्त सेन्सरचा आकडा एका टक्क्याने इकडे-तिकडे होतच असतो, त्यात काही बिघाड नाही. वाळण्याची प्रक्रिया तासांच्या वेगाने चाललेली आणि झडप सेकंदांच्या वेगाने थरथरतीये. ती किरकिर तिथली.

पोरांचं काम टाकाऊ होतं असं अजिबात नाही, वायरिंग नीट होतं, डबा बंद होता, स्क्रू कनेक्टर वापरले होते, आणि गावात जाऊन खऱ्या मालावर प्रोजेक्ट करणं याला हिंमत लागते. पण कॉलेजच्या टेबलावर सर्वोला एक पुठ्ठ्याचा तुकडा लावून जे मस्त चालतं ते पत्र्याच्या झडपेला लावल्यावर का चालत नाही हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

तर आता एकेक करून. सुरुवात मी कायम लोडपासून करतो, प्रोग्राम शेवटी उघडतो. झडप होती अर्ध्या मिलिमीटर जीआय पत्र्याची, ४० बाय २५ सेंटीमीटर, वरच्या लांब कडेला बिजागरी. असा पत्रा चौरस मीटरला चार किलोच्या जवळ भरतो, म्हणजे ही झडप साधारण ३९० ग्रॅम. वजनाचा मध्य बिजागरीपासून साडेबारा सेंटीमीटरवर. झडप आडवी होते तेव्हा लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ०.३९ गुणिले १२.५, म्हणजे जवळजवळ ४.९ किलो-सेंटीमीटर. पोरांनी पहिल्यांदा लावला होता एसजी९०, तो निळा छोटा ९ ग्रॅमचा, त्याचा स्टॉल टॉर्क ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंटीमीटर. स्टॉल टॉर्क म्हणजे जिथे तो थांबतो, अडकतो, तो आकडा. रोजच्या कामाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच जावं असं मी धरतो. इथे तर मागणीच पूर्ण स्टॉल टॉर्कच्या अडीचपटीहून जास्त होती, त्यामुळे प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जाणारच होते, कंपनी कुठलीही असो.

मग त्यांनी एमजी९९६आर लावला, मेटल गिअरचा, ५५ ग्रॅमचा, ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंटीमीटर. नुसतं वजन कागदावर उचलतो, माझ्या तिसऱ्या हिश्श्याच्या हिशोबात मात्र बसत नाही. शिवाय वारा धरलाच नव्हता. धुराडं उघड्यावर आहे, सेकंदाला ८ मीटर वेगाचा वारा समोरून आला तर चौरस मीटरला ३७ न्यूटनच्या आसपास दाब पडतो, या झडपेवर ३.७ न्यूटन, आणि टॉर्क झाला आणखी ४.७ किलो-सेंटीमीटर. वजन आणि वारा एकत्र आले की ९.६. म्हणजे ५ व्होल्टवर चालणारा मोठा सर्वोसुद्धा थांबला. आणि सर्वो थांबतो तेव्हा तो गप्प बसत नाही, हे लक्षात घ्या. त्याच्या आत एक छोटा पोटेन्शिओमीटर आहे जो सांगतो आत्ता कुठे आहे, दर २० मिलिसेकंदाला बोर्डाकडून आलेली पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, सांगते कुठे जायचंय, साधारण १ मिलिसेकंद म्हणजे एक टोक, २ म्हणजे दुसरं, दीड म्हणजे मध्य, आणि या दोघांत फरक आहे तोवर तो मोटरला करंट देतच राहतो. झडप अडकली तर फरक संपतच नाही. एमजी९९६आर ६ व्होल्टवर अडकला की अडीच अँपिअरच्या आसपास खेचतो आणि ती सगळी उष्णता त्या छोट्या डब्यात.

आणि उष्णतेवरूनच पुढचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकला. सर्वो बसवला होता धुराड्याच्या आतल्या बाजूला, थेट झडपेच्या आसावर. तिथून जाणारी हवा ५५-६० अंशांची. एसजी९० काय आणि एमजी९९६आर काय, दोघांच्या डेटाशीटमध्ये कामाचं तापमान ० ते ५५ अंश दिलंय. सर्वो स्वतःची उष्णता काढणार कुठे, बाहेरची हवाच त्याच्या मर्यादेवर. सेन्सरचंही तेच. लावला होता डीएचटी११, निळा वाला, ज्याची रेंज ० ते ५० अंशच आहे. ड्रायर नीट चालला की सेन्सर रेंजच्या बाहेर, आणि रेंजच्या बाहेर गेलेला सेन्सर काय सांगेल त्यावर निर्णय घेऊ नये. पांढरा डीएचटी२२ ८० अंशांपर्यंत जातो, किमतीत फरक आहे पण २० किलो कांद्यापुढे तो काहीच नाही.

आता रीसेट. ताईंनी सांगितलेली खूण फार कामाची होती, "कधी कधी झडप एकदम मध्यावर येते आणि परत जाते." हे ऐकलं की रीसेटचाच संशय घ्यायचा, कारण अर्डुइनोची सर्वो लायब्ररी, म्हणजे सर्वो चालवायचा तयार कोड, सुरू झाल्या झाल्या, दुसरं काही सांगितलं नसेल तर, १५०० मायक्रोसेकंदाची पल्स देते, म्हणजे बरोबर मध्य. आम्ही डबा उघडून बसलो आणि पिन १३ चा छोटा दिवा बघत राहिलो, वाऱ्याचा झोत आला, सर्वोने जोर लावला, दिवा टिमटिमला, झडप मध्यावर. रीसेट नक्की झाला. सर्वोचा लाल वायर उनोच्या ५ व्होल्ट पिनला होता आणि उनो मोबाईलच्या चार्जरवर यूएसबीने. यूएसबीच्या वाटेवर उनोमध्ये ५०० मिलिअँपिअरचा आपोआप सावरणारा फ्यूज असतो, आणि सर्वो प्रत्येक वेळी हलायला लागताना क्षणभर स्टॉलच्या जवळचाच करंट मागतो. ५ व्होल्ट कोसळतात, चिप बंद पडून परत उठते. पोरांनी मल्टीमीटर लावून बघितलं होतं आणि त्यांना ४.९ दिसलं होतं, ते बरोबरच आहे, कारण ही पडझड काही मिलिसेकंदांची असते आणि साधा मल्टीमीटर सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप नसेल तर सर्वो वेगळ्या सप्लायवर टाकून बघायचा, रीसेट थांबला की उत्तर मिळालं.

त्यात आणखी एक भर, डबा भिंतीवर आणि सर्वो ४ मीटर लांब, मधली वायर २४ गेजची बारीक. अशा वायरला मीटरला साधारण ०.०८४ ओहम, जाऊन-येऊन ८ मीटर म्हणजे ०.६७ ओहम, दीड अँपिअरला एक व्होल्ट वायरमध्येच संपतो. पाच व्होल्टमधला एक व्होल्ट फार झाला. १ स्क्वेअर एमएमची साधी वायर टाकली की हाच ड्रॉप पाव व्होल्टच्या आत येतो, आणि ती कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

तांबूस पडलेल्या मालाचं कारण मात्र खरंच प्रोग्राममध्ये होतं आणि ते मी मुद्दाम सावकाश सांगतो. डीएचटी सेन्सर कधी कधी उत्तर देत नाही, वायर हलली, ओल धरली, काहीही. तेव्हा लायब्ररी आकड्याऐवजी 'नॉट अ नंबर' परत करते. प्रोग्राममध्ये त्याची तपासणी नव्हती, तो थेट पट्टीवरून बदलायला गेला, पूर्णांकात बदलताना तो इथे शून्य धरला जात होता, शून्य टक्के आर्द्रता म्हणजे अगदी कोरडं, म्हणून झडप शून्य अंशावर. म्हणजे सेन्सर मेला की झडप पूर्ण बंद. कडक दुपार, माल अर्धा वाळलेला, झडप बंद, घरी कोणी नाही. दुसरं काय होणार. माझा इथे एकच आग्रह असतो, सेन्सर गेला तर यंत्राने कुठे जाऊन थांबायचं हे पहिल्या दिवशी ठरवायचं, आणि ते ज्याच्या मालाचं नुकसान होणारे त्याला विचारून ठरवायचं. ताईंचं उत्तर लगेच आलं, "उघडी राहू दे, एक दिवस जास्त लागेल पण माल वाया नाही जाणार."

सेन्सरची जागाही चुकलेली होती, झडपेपासून चार बोटांवर. तिथे झडप मिटली की वाफ कोंडून आकडा वर जातो, आकडा वर गेला की झडप उघडते, उघडली की बाहेरची कोरडी हवा सेन्सरला लागते, आकडा खाली, झडप परत मिटते. ताकद, करंट, सेन्सर सगळं अगदी उत्तम असतं तरी हे झुलणं थांबलं नसतं.

मग आम्ही काय केलं. सगळ्यात मोठा फरक पडला तो एका लोहाराच्या कामाने. कडेची बिजागरी काढून टाकली आणि झडपेच्या मधोमध आडवा आस दिला, ८ मिलिमीटरची सळई, दोन्ही बाजूंना पितळी बुश. आता वरच्या अर्ध्या भागाचं वजन खालच्या अर्ध्याला तोलून धरतं, आणि वारा आला तरी दोन्ही अर्ध्यांवर जवळपास सारखाच ढकलतो, त्यामुळे टॉर्क राहिला तो फक्त घर्षणाचा आणि थोडाफार वाऱ्याचा फरक. झडप बोटाने फिरवून बघा, कुठेही सोडली तरी तिथेच थांबली पाहिजे, थांबली तर तोल बरोबर. साडेनऊ किलो-सेंटीमीटरची मागणी एक पैशाचं इलेक्ट्रॉनिक्स न बदलता जवळजवळ नाहीशी झाली. सर्वोचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण मोठा सर्वो, मोठा सप्लाय, जाड वायर ही सगळी साखळी त्या एका बिजागरीपासून सुरू झालेली असते.

सर्वो धुराड्याच्या बाहेर आणला, सावलीच्या बाजूला, मध्ये रॉकवूलचा तुकडा. झडपेच्या आसाला बाहेर एक छोटा दांडा आणि सर्वोच्या हॉर्नपासून (त्याच्या टोकावर फिरणारी पट्टी) त्या दांड्यापर्यंत सायकलची स्पोक, दोन्ही टोकं वळवून. हॉर्न आणि दांडा सारख्याच लांबीचे ठेवले म्हणजे हॉर्न जितके अंश तितकेच झडपेचे. टोकाचे अंश सर्वोच्या यांत्रिक टोकापर्यंत न्यायचे नाहीत, म्हणून अंश न देता मायक्रोसेकंद दिले, लायब्ररीची मूळ पट्टी ५४४ ते २४०० आहे पण बऱ्याच सर्वोंना त्या दोन्ही टोकांना आतला अडथळा लागतो आणि ते तिथे घुमत बसतात. हाताने पाहून तीन जागा पक्क्या केल्या, जवळजवळ बंद, अर्धी, पूर्ण. पूर्ण बंद ही जागा ठेवलीच नाही.

पॉवरसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी चार्जरसकट. कारण सरळ आहे, लाईट गेली तरी ऊन जात नाही, आणि आपल्याकडे गावात दुपारी लाईट जाणं काही नवीन नाही. उनो बॅटरीवरून त्याच्या गोल जॅकने, सर्वो वेगळ्या बक कन्व्हर्टरवरून (व्होल्ट कमी करून देणारं सर्किट) ६ व्होल्टवर, तीन अँपिअर वाला. दोघांचा ग्राउंड म्हणजे मायनस एकत्र, हे विसरलं की पल्सला काही अर्थच राहत नाही आणि सर्वो वेड्यासारखा फिरतो. सर्वोच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १६ व्होल्टचा, खुणा बघून, उलटा लावला तर फुटतो. सिग्नलच्या वायरमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर. हे सगळं एमजी रोडला एका फेरीत मिळतं.

सेन्सर डीएचटी२२, वरच्या ट्रेच्या वर एक वीतभर पण धुराड्याच्या तोंडाच्या आधी, आणि त्यावर पत्र्याची छोटी टोपी, कारण ऊन थेट सेन्सरवर पडलं तर तो हवेचं नाही स्वतःचंच तापमान सांगतो. कांद्याच्या वाफेत गंधकाची संयुगं असतात, त्याने असे सेन्सर हळूहळू चुकायला लागतात, त्यामुळे सीझनच्या आधी तपासायचा. याला लॅब लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ, चिखलासारखं होईल इतकंच पाणी, सेन्सर आत पण मिठाला न टेकता, रात्रभर ठेवायचा. भरल्या मिठाच्या द्रावणावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर थांबते. सेन्सर ७१ ते ७९ मध्ये काहीही म्हणाला तर चालेल, ६० म्हणाला तर बदला.

आता प्रोग्राम, तो आधीपेक्षा लांब आहे पण करतो कमी. दर १० सेकंदाला वाचन, शेवटच्या पाच वाचनांतलं मधलं घ्यायचं, सरासरी नाही, कारण एखादा भलताच आकडा सरासरीला ओढतो, मधल्याला ओढत नाही. निर्णय दर पाच मिनिटांनी. आर्द्रता ४० च्या वर गेली तर पूर्ण उघडायची, पण परत अर्धी करायची ती ३० च्या खाली आल्यावरच. तसंच अर्धीवरून जवळजवळ बंद १८ च्या खाली, आणि परत अर्धी २५ च्या वर. मधली ही मोकळी जागा ठेवली नाही तर झडप ३९-४१ च्या मध्ये दिवसभर नाचते. तापमानाला मात्र पाच मिनिटं थांबायचं नाही, ६२ च्या वर गेलं की लगेच पूर्ण उघडायची आणि ५७ च्या खाली येईपर्यंत आर्द्रतेचं ऐकायचंच नाही. सलग तीन वाचनं आली नाहीत तर पूर्ण उघडी आणि डब्यावरचा लाल दिवा चालू.

झडप हलवून झाली की दोन सेकंदांनी सर्वो डिटॅच करायचा, म्हणजे पल्स बंद. तो सैल पडतो, करंट जवळजवळ नाही, किरकिर नाही. हे चालतं ते झडप तोललेली आहे म्हणून, जुन्या बिजागरीवर डिटॅच केलं असतं तर ती धाडकन खाली पडली असती. सुरू होताना मध्यावरची उडी नको म्हणून अटॅच करायच्या आधीच जागेचा आकडा लिहायचा.

एवढं करून चालू केलं आणि एक गोष्ट तरीही नीट जमेना, सकाळ. पेटी गार, माल ओला, सेन्सर ७०-८० टक्के म्हणतोय, नियमाप्रमाणे झडप पूर्ण उघडी, आणि पेटी तापायलाच तयार नाही. इथे सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय ते आठवावं लागतं. तो टक्का त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त किती वाफ धरू शकते त्याच्या तुलनेत असतो. बाहेरची ३० अंशांची ५० टक्केवाली हवा नुसती ५५ अंशांपर्यंत तापवली, पाण्याचा एक थेंब न काढता, तर तिचा आकडा १३-१४ टक्क्यांवर येतो. म्हणजे गार पेटीतले ७० टक्के आणि तापलेल्या पेटीतले ४० टक्के यात दुसऱ्या हवेत वाफ कितीतरी जास्त आहे. गार असताना झडप उघडून पाणी फार जात नाही, उष्णता मात्र जाते. पोरांपैकी एकजण या वेळी सोबत होता, त्याने विचारलं, "सर, मग घड्याळाचं मॉड्यूल लावू का, दहाच्या आधी बंद ठेवायला?" मी म्हटलं घड्याळाला ढग कळत नाहीत. ताई मात्र म्हणाल्याच होत्या, पेटी तापू द्यायची मग बघायचं. तोच नियम घातला, पेटी ४० अंशांच्या खाली असेल तर आर्द्रता काहीही असो, झडप जवळजवळ बंद. संध्याकाळीही तोच उपयोगी पडला, ऊन उतरलं की पेटी ४० च्या खाली येते आणि झडप आपोआप मिटते, रात्रीची दमट हवा मालाला लागत नाही.

नजरेतून सुटली असती अशी एक बारीक गोष्ट राहतेच, सेन्सर गेल्याचा नियम हा ४० अंशांच्या नियमाच्या वर पाहिजे. सेन्सर गेला म्हणजे तापमानही गेलं, आणि ते शून्य धरून प्रोग्रामला पेटी गार वाटली तर झडप परत मिटणार आणि परत तीच तांबूस दुपार. त्यामुळे क्रम असा, आधी सेन्सर जिवंत आहे का, मग तापमान जास्त आहे का, मग पेटी गार आहे का, आणि या सगळ्यानंतर आर्द्रता. आम्ही चालू ड्रायरमध्ये सेन्सरची वायर उपटून बघितली, झडप उघडली, लाल दिवा लागला, ताईंनी स्वतः दोनदा उपटून बघितली तेव्हा त्यांचं समाधान झालं. बॅटरीचा चार्जर काढून बघितला, फरक नाही. उनो आणि सेन्सर मिळून ५०-६० मिलिअँपिअर खातात आणि सर्वो बहुतेक वेळ झोपलेला, अर्धी बॅटरी वापरायची म्हटली तरी दोन दिवस सहज निघतात.

आता साध्या दिवशी झडप सकाळी तापल्यावर एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळकडे एकदा अशी हलते, ढगाळ दिवशी थोडी जास्त. ताई हाताने करायच्या तेवढंच. सर्वो तोच एमजी९९६आर आहे, त्याच पोरांनी आणून ठेवलेला स्पेअर, नवीन कंपनीचा शोध लागलाच नाही.

देखभालीचं एवढंच ठरलंय. आठवड्याला आसाच्या बुशवर बसलेली कांद्याची सालपटं ब्रशने झाडायची आणि स्पोक काढून झडप बोटाने फिरवून बघायची, जड वाटली तर सर्वोला दोष न देता आधी बुश साफ करायची. पावसाळ्यात ड्रायर बंद असतो तेव्हा सेन्सर काढून कोरड्या डब्यात, बॅटरी घरात आणून महिन्याला एकदा चार्ज. ट्रे भरताना ओल्या हाताने डब्याला हात लावायचा नाही. आणि त्या पोराला सांगितलंय की पुढच्या सीझनला दुसरा ड्रायर येणारे, त्याच्या फॅब्रिकेटरला झडपेचा आस मधोमधच द्यायला सांग, पत्रा कापायच्या आधी.